अण्णासाहेबांचे कुसकुस उगवले नाही

अण्णासाहेबांविषयी लिहा, असे मला कोणी सांगितलेले नाही. त्यांनी स्वतः तर नाहीच. रजेचे अर्ज सोडले तर मी आयुष्यात फारसे काही लिहिलेले नाही, आणि ते अर्जही एका ओळीचे असत. पण ही हकिकत आता आमच्या गल्लीत इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते की एका तऱ्हेत झिंग्यांचे खेकडे झाले आहेत आणि दुसऱ्या तऱ्हेत अण्णासाहेबांनी घर पेटवले आहे. घर पेटले नव्हते. मी, अप्पाराव, शेजारी राहतो आणि त्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात हजर होतो, म्हणून जसे घडले तसे लिहितो. कुठे चुकले तर उषाबाई, म्हणजे माझी पत्नी, सांगेलच. ती सांगितल्याशिवाय राहत नाही.

अण्णासाहेब जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. नोकरी केली ती नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत, तपासणीच्या खोलीत. बी विकण्याआधी ते उगवते की नाही हे बघावे लागते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ती उबेला ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचे. शंभरातले नव्वद उगवले तर उगवण नव्वद टक्के. एवढेच काम, पण अण्णासाहेबांनी ते जन्मभर केले.

निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, गुंडाळी सुटली नाही. दुकानातून मटकी आणली की त्यातली थोडी आधी ओल्या फडक्यात जाते. उषाबाईने एकदा जेवणानंतर बडीशेप दिली, तर चिमूटभर तोंडात टाकून बाकीची त्यांनी खिशात घातली. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमची बडीशेप चांगली आहे. उगवली." लग्नाच्या पंगतीत ते वरणातली डाळ चिमटीत दाबून बघतात आणि "जुना माल" म्हणतात, तेही मुलीच्या बापाला ऐकू जाईल असे.

रोज सकाळी त्यांची मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे, एक फेरी असते. बियाणांच्या दुकानांतली माणसे त्यांना बघून मूठ पुढे करतात, "अण्णासाहेब, हे जरा बघा बरं." अण्णासाहेब डोळे मिटतात, दाणे बोटांत फिरवतात आणि निकाल देतात. डोळे मिटतात, कारण उघडे ठेवून फार फरक पडत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन ते पुढे ढकलत आले आहेत. "मला बोटानं दिसतं," असे त्यांचे म्हणणे आहे. ही फेरी म्हणजे त्यांचा जीव. पुढे जो प्रसंग आला तो ही फेरी राहते की जाते, याचाच होता.

स्वयंपाक मात्र त्यांना येत नव्हता. चहा यायचा. अंडे उकडता यायचे, पण ते फुटायचे. कारभार सगळा त्यांच्या पत्नीच्या, बेबीनंदावहिनींच्या हातात, आणि वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. मुलीचे नाव अक्षता. वहिनी गेल्या त्या दिवसापासून अण्णासाहेब चहा, खारी आणि केळी यांवर राहू लागले. आमच्याकडे जेवायला बोलावले तर उषाबाईला "भूक न्हाई, वहिनी" म्हणत, आणि बोलता बोलता ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डोंगर सपाट करत.

मग एका दुपारी अक्षताचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल मी धरला होता, कारण अण्णासाहेबांनी धरला की पुण्याला फक्त जालन्याचा पंखा दिसतो.

"पप्पा, जरा उठून उभे राहा," अक्षता म्हणाली.

"कशाला?"

"राहा ना."

अण्णासाहेब उभे राहिले.

"हे काय? पँटला काय बांधलंय?"

"सुतळी."

"पट्टा कुठंय?"

"पट्ट्याची भोकं संपली."

मागून वहिनींचा आवाज आला, "खारी खाऊन राह्यले असतील. मी म्हटलंच होतं."

"न्हाई, परवा केळं खाल्लं," अण्णासाहेब म्हणाले. त्यांना वाटले, यामुळे बाजू भक्कम होईल.

"बस्स झालं," अक्षता म्हणाली. "तुम्ही इकडे या. बाळ वर्षाचं होईपर्यंत आई इथंच आहे. जालन्याचं घर बंद करू."

"पुण्यात मी काय करू?"

"आराम."

गारपीट म्हटल्यावर शेतकऱ्याचा चेहरा होतो तसा अण्णासाहेबांचा चेहरा झाला. चौथा मजला, खाली मोंढा नाही, मूठ पुढे करणारे कोणी नाही. घाबरून ते बोलून गेले, "पर मला स्वयंपाक येतो की!"

 मग वहिनी हसू लागल्या. त्या इतक्या हसल्या की बाळ उठले.

अक्षता बापाचीच मुलगी आहे, पुराव्याशिवाय काही मानत नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या रविवारी मी, आई आणि बाळ येतो, तसंही घरून सामान न्यायचंय. तुम्ही आमच्यासमोर गरम जेवण करायचं, दुपारी दोनच्या आत. अप्पाकाका, तुम्ही मदत करायची नाही. उषाकाकूंकडून डबा नाही. जमलं तर राहा जालन्यात. नाही जमलं तर त्याच गाडीत बसायचं."

"कबूल," अण्णासाहेब म्हणाले. 

"आणि अवघड काही करू नका. मी कुसकुस पाठवते. बारीक पिवळे दाणे असतात. उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, पाच मिनिटांत तयार. वरून झिंगे परतून घाला. ऑफिसातून आले की मी हेच करते."

"झिंगे तुळजाबाईकडून घ्या," मागून वहिनी. "भाजा, पर करपवू नका!"

इथे भुजंगला आणावे लागते. भुजंग हा राजूरकडचा शेतकरी, अण्णासाहेबांचा जुना मित्र. त्याच्या घरात आजीच्या काळापासून राळ्याचे बी जपलेले आहे. राळे म्हणजे आमच्या लहानपणी ज्याचा भात होत असे ते बारीक, पिवळे, गोल धान्य. आता जुन्या धान्यांना पुन्हा मागणी आली म्हणून भुजंगने ठरवले होते की यंदा एक पट्टा राळ्याचा घ्यायचा. पेरण्याआधी बी जिवंत आहे का हे बघण्यासाठी त्याने थोडे अण्णासाहेबांकडे पाठवले. ते आले नेमके त्याच दिवशी, ज्या दिवशी पुण्याचे कुसकुस आले. अण्णासाहेब फेरीवर होते, म्हणून दोन्ही पिशव्या उषाबाईने घेतल्या.

आता पिशव्यांचे नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पुण्याची पिशवी बांधली होती वहिनींनी. वहिनी पुण्यात राहूनही प्लॅस्टिकला हात लावत नाहीत. त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात कुसकुस घालून वर गाठ मारली होती. अगदी खेड्यातून बी यावे तशी पुरचुंडी. आणि राजूरची पिशवी बांधली होती भुजंगची सून अर्पिता हिने. तिने लोणच्याचा धंदा सुरू केला आहे, तिच्याकडे चकचकीत, झिप लावून बंद होणारी पाकिटे आहेत. त्यातल्या एकात तिने राळे भरले होते. मॉलमधून आणल्यासारखे दिसत होते.

अण्णासाहेब आल्यावर उषाबाई म्हणाली, "अण्णाभाऊजी, दोन पिशव्या आल्यात. कोणती कुणाची ते सांगू का?"

"वहिनी, चाळीस वर्षं बी बघून राह्यलो. मला सांगता?"

"बरं, न्हाई सांगत," उषाबाई म्हणाली, आणि तिने सांगितले नाही. ती शब्दाची पक्की आहे.

अण्णासाहेबांनी चकचकीत पाकीट ओट्यावर ठेवले. "हे पुण्याचं." पुरचुंडी सोडली, डोळे मिटले, दाणे बोटांत फिरवले. "हे भुजंगचं. जरा खडबडीत लागून राह्यलं. पाण्याचा ताण पडला असंल."

मी वाकून बघितले. मला ते दाणे काही वेगळेच वाटले, पण मला पुष्कळदा काही ना काही वेगळे वाटते आणि ते तसे नसते. मी गप्प बसलो. अण्णासाहेबांनी ओल्या कागदावर कुसकुसाचे दाणे एका ओळीत मांडले, कागद गुंडाळला, वर ओले फडके बांधले आणि गुंडाळी खिडकीत उबेला ठेवली. उरलेली पुरचुंडी पुन्हा गाठ मारून फळीवर.

मग झिंगे. आठवडी बाजारात तुळजाबाई सुकी मासळी घेऊन बसते. जालन्याला समुद्र नाही, पण तुळजाबाईच्या पाटीजवळ डोळे मिटून उभे राहिले तर आहे असे वाटते. अण्णासाहेबांनी मूठभर सुके झिंगे तळहातावर घेतले आणि मोडके बाजूला, अख्खे बाजूला असे करू लागले.

"बाई, हा माल कोणत्या वर्षाचा?"

"का? पत्रिका जुळवायची का त्यांच्याशी?"

"तसं न्हाई. शुद्धता किती?"

"शुद्धच हाये. जन्मभर पाण्यातच व्हते की."

अण्णासाहेब एकेक झिंगा उजेडाकडे धरून बघू लागले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. तुळजाबाई म्हणाली, "ओ साहेब, पेरायचे का खायचे?"

शेवटी मीच सांगितले की रविवारी लेकीला जेवू घालायचे आहे, नाहीतर यांना जालना सोडावे लागेल. तुळजाबाई मऊ झाली. तिने पाटीच्या तळातले मोठे झिंगे काढून दिले आणि सांगितले, "तव्यावर कोरडे भाजा. हातानं चोळा. सुपात घेऊन पाखडा, डोकी आन् मिशा उडून जातील. मंग गरम पाण्यातून काढा आन् कांद्यावर परता. जल्दी करा. लई वेळ ठेवले तर चपलीवाणी लागतात."

घरी आल्यावर अण्णासाहेबांनी झिंगे तपासणीच्या शिस्तीने घेतले. कंपनीत आलेल्या प्रत्येक मालातला थोडा नमुना बाटलीत भरून, बूच लावून राखून ठेवत, पुढे तक्रार आली तर असावा म्हणून. झिंग्यांबद्दल तक्रार कोण करणार, असे मी विचारले. "सांगता येत न्हाई," असे म्हणून त्यांनी अर्धे झिंगे काचेच्या बरणीत भरले आणि बरणी कपाटात ठेवली.

मंगळवारी रंगीत तालीम झाली. चकचकीत पाकिटातले दाणे त्यांनी पातेल्यात घेऊन दोनदा धुतले. धुण्याच्या पाण्याबरोबर थोडे दाणे वाहून गेले, ते पाणी त्यांनी आमच्या बाहेरच्या नळाजवळ ओतले. मग उकळते पाणी घातले, झाकण ठेवले, पाच मिनिटे थांबले. दाणे तसेच. पुन्हा पाणी उकळले, पुन्हा घातले. दाणे आता गरम झाले होते, एवढाच फरक. झिंगे मात्र छान परतले गेले. वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असावा, कारण खिडकीबाहेर मांजरे येऊन बसू लागली. त्यांत एक कान तुटलेला बोका होता. तो गल्लीतला नव्हता. कुठून आला ते शेवटपर्यंत कळले नाही.

आम्ही ताटे घेऊन बसलो. मी पहिला घास घेतला. तोंडात खडी भरलेला ट्रक रिकामा होतो तसा आवाज आला.

"कसं आहे?" अण्णासाहेबांनी विचारले.

"झिंगे चांगले झालेत," मी म्हणालो.

"आन् कुसकुस?"

"कुसकुस… चावावं लागतं."

अण्णासाहेबांनी स्वतः घास घेतला. बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी तोंडातून टरफल काढून बोटांत धरले. "याला साल असते हे अक्षतानं सांगितलं न्हाई."

"तिला फोन करून विचारायचं का?"

"बिलकुल न्हाई! विचारलं की नापास." ते थोडा वेळ चावत राहिले. "परदेशी माल आहे, अप्पाराव. त्या लोकांचे दात मजबूत असत्यात."

आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, उषाबाई माळकरी आहे. मी बाहेर खाल्ले तर तिची हरकत नसते, पण अट असते. मी दारात पोचलो तेव्हा ती आतून म्हणाली, "आधी बाहेरच्या नळावर चूळ भरा." मी बराच वेळ चूळ भरली. दातांत बरेच काही होते.

शुक्रवारी गुंडाळी उघडायची होती. अण्णासाहेबांनी फडके सोडले आणि कागद उलगडला. आत दाणे नव्हते. लगदा होता. कागदाला पिवळी लापशी चिकटली होती आणि तिला आंबूस वास येत होता. अण्णासाहेबांनी ती बोटावर घेतली, डोळे मिटले. त्यांचा चेहरा उतरला.

"सडलं. एकबी कोंब न्हाई. अप्पाराव, इतकं मेलेलं बी मी जन्मात बघितलं न्हाई."

त्यांनी लगेच भुजंगला फोन लावला. स्पीकर सुरू होता, म्हणून मलाही ऐकू येत होते.

"भुजंग, वाईट बातमी आहे. तुझ्या बियाची उगवण शून्य."

"शून्य? अण्णासाहेब, आजीच्या हातचं बी आहे ते!"

"आजीबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. बी गेलं. नुसतं गेलं न्हाई, त्याची खीर झाली."

"खीर? राळ्याची खीर पाण्यात ठिवून व्हते का?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तुमच्या डोळ्यांनी?" भुजंग म्हणाला, आणि इथे तो चिडला. "रविवारी मी स्वतः येऊन राह्यलो. मला दाखवा माझी खीर."

आणि अशा रीतीने रविवार आला. अण्णासाहेबांनी उरलेले राळे, ज्यांना ते अजूनही कुसकुस समजत होते, पहाटेपासून तीनदा उकळत्या पाण्यात घातले होते. ते तितकेच टणक होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास अक्षताने गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. वहिनी बाळाला घेऊन आत आल्या, त्यांनी ओट्यावरून एक नजर फिरवली. 

"बसा," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी झिंगे परतले, पातेल्यात मिसळले, ताट वाढले आणि लेकीपुढे ठेवले.  खिडकीत बोका हजर होता.

अक्षताने ताटाकडे बघितले. चमच्याने दाणे हलवले. "पप्पा, हे काय आहे?"

"कुसकुस."

"हे कुसकुस नाही."

"तूच पाठवलंस."

"मी हे नाही पाठवलं."

तेवढ्यात दारात भुजंग उभा राहिला. कपाळाला घाम. "जय भीम, अण्णासाहेब. कुठंय माझं मेलेलं बी?" तो आत आला, आणि त्याची नजर अक्षताच्या ताटावर गेली. माणूस आपले मूल गर्दीत ओळखतो तसे त्याने ओळखले. "अहो, हे तर माझं बी आहे!"



"ह्याला कांदा लावला का तुम्ही? आन् हे काय, झिंगे?" त्याचा आवाज वर चढला. "तुमच्या कंपनीत झिंगे घालून तपासायचे का बी?"

वहिनींचे लक्ष तिकडे नव्हते. त्या फळीकडे बघत होत्या. "अहो, ही माझ्या साडीची पुरचुंडी. ही अजून तशीच कशी?" त्यांनी गाठ सोडली. मग खिडकीत वाळत पडलेला तो लगद्याचा कागद बघितला. मग नवऱ्याकडे बघितले. "तुम्ही कुसकुस उगवायला घातलं?"

अण्णासाहेब म्हणाले, "खडबडीत लागत होतं."

वहिनी बाळासकट खाली बसल्या आणि हसू लागल्या. भुजंगने कागद हातात घेतला, वास घेतला, आणि समजल्यावर तोही हसू लागला, पण मध्येच आठवून पुन्हा चिडत होता. "म्हंजी माझं बी मेलं न्हाई! आता मेलं! तुम्ही शिजवून मारलं!" या गडबडीत बोका खिडकीतून आत आला, ओट्यावर चढला, आणि पातेल्यातले उरलेले झिंगे त्याने दाणे बाजूला सारून एकेक करून संपवले. एक दाणा खाल्ला नाही. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होते.

हसली नाही ती अक्षता. तिचे डोळे भरून आल्यासारखे दिसत होते. ती हळू म्हणाली, "पप्पा, आठवडाभर तुम्ही हे खाल्लंत? बॅग भरा. मी रागावत नाहीये. पण भरा."

अण्णासाहेब उठले. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मला वाटले, संपले. उद्या सकाळी मोंढ्यावर मूठ पुढे करून कोणी उभे राहील आणि समोर कोणीच नसेल. मग ते दारात थांबले, परत फिरले आणि तो वाळका कागद उचलला.

"अक्षता, हे गार पाण्यात फुगलं. नुसत्या ओल्या कागदात."

"कुसकुस तसंच असतं, पप्पा."

"मंग याला पाणी लई झालं होतं. किती वाजले, अप्पाराव?"

मी घड्याळ बघितले. "साडेबारा व्हायचेत." एवढे सांगणे मदतीत धरले जाऊ नये असे मला वाटले.

"अट दोनची होती," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी गॅस पेटवला.

त्यानंतर मी जे बघितले ते मी त्यांच्या हातून कधी बघितले नव्हते. त्यांनी पुरचुंडीतले कुसकुस भांड्यात घेतले, डोळे मिटले आणि दाण्यांत बोटे घातली. उकळते पाणी थोडे थोडे ओतत, चमच्याने खालवर करत गेले. "कागद पिळला तर थेंब टपकायला न्हाई पाहिजे," असे स्वतःशी म्हणत होते. मग झाकण. मग कपाट उघडून त्यांनी काचेची बरणी काढली, राखून ठेवलेल्या झिंग्यांची.

"हे कधीचे?" वहिनींनी विचारले.

"नमुना," अण्णासाहेब म्हणाले. "तक्रार आली तर असावा म्हणून ठिवला होता. तक्रार आली."

तवा तापला. झिंगे भाजले, चोळले. पाखडायला सूप वहिनींच्या मागे होते. त्यांनी ते न बोलता पुढे सरकवले. डोकी-मिशा उडाल्या, थोड्या भुजंगच्या टोपीवर बसल्या. कांदा, लसूण, हिरवी मिरची, एक टमाटा, वर झिंगे. बोक्याला मी दारापाशी अडवून धरले होते; हीही मदत होते का ते मला माहीत नाही. झाकण काढले तेव्हा कुसकुस फुलून आले होते, दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता. अण्णासाहेबांनी चिमटीत घेऊन बघितले आणि कंपनीतल्या आवाजात म्हणाले, "मोकळं आहे."

सगळे मिसळून त्यांनी ताटे वाढली, लिंबू पिळले. पहिला घास वहिनींनी घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बाळसुद्धा.

"मीठ?" वहिनी म्हणाल्या.

अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला.

"मीठ कुठंय?"

"बियाला… मीठ घालत न्हाईत," ते कसेबसे म्हणाले.

"माझ्या बियाला झिंगे घालता आन् ह्याला मीठ घालत न्हाईत!" भुजंग म्हणाला.

वहिनी उठल्या. फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि सगळ्यांच्या ताटांवर चिमूट चिमूट टाकले.

"आई! मदत करायची नाही असं ठरलं होतं," अक्षता म्हणाली.

"ते अप्पाभाऊजींना सांगितलं होतं तू. मला न्हाई." वहिनी पुन्हा खाली बसल्या. "गप खा."

अक्षताने खाल्ले. मग काही न बोलता ताट पुढे केले आणि अण्णासाहेबांनी पुन्हा वाढले. भुजंगने "मी फक्त तपासायला खाऊन राह्यलो" असे म्हणत तीनदा घेतले. मीही खाल्ले. तुळजाबाईचे झिंगे खरेच चांगले होते, आणि ते कुसकुस आवाज न करता गिळता येत होते. बोक्याला भुजंगने स्वतःच्या ताटातला एक झिंगा दिला.

दोन वाजता अक्षताने गाडीत सामान ठेवले. घरातून बाहेर आल्या त्या बाळाच्या दुपट्यांच्या पिशव्या, वहिनींचा पाटा आणि एक चटणीची बरणी. बॅग कोणी भरली नव्हती, आणि ती भरा असेही पुन्हा कोणी म्हणाले नाही. गाडी सुरू करताना अक्षता खिडकीतून म्हणाली, "रोज ताटाचा फोटो पाठवायचा. आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची. त्याशिवाय नाही."

"घेतो," अण्णासाहेब म्हणाले. ते इतक्या जल्दी कबूल झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

भुजंग मात्र जाताना दारात थांबला. शिजवलेल्या बियाचे दुःख त्याला नव्हते, घरी कणगीत पुष्कळ होते. "पर ते शून्य टक्के तुम्ही मागं घ्या," तो म्हणाला. अण्णासाहेब म्हणाले की तपासल्याशिवाय निकाल बदलता येत नाही. दोघे त्यावर भांडतच गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

निकाल बदलला तो पुढच्या आठवड्यात. मी जेवून आलो होतो, म्हणजे अण्णासाहेबांकडून, आणि बाहेरच्या नळावर चूळ भरत होतो. खाली बघितले तर फरशीच्या कडेच्या चिखलात बारीक हिरवे कोंब दाटीने वर आले होते. तालमीच्या दिवशी धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलेले राळे. मी हाक मारली. अण्णासाहेब हातात उलथणे घेऊन आले, उकिडवे बसले आणि कोंबांवरून बोट फिरवले.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "भुजंग, तुझं बी जिवंत आहे. आजीला सांग."

"आजी जाऊन वीस वर्षं झाली. टक्के किती ते सांगा."

"मोजून सांगतो. आत्ता कांदा तव्यावर आहे."

उषाबाई दारातून म्हणाली की तिच्या नळाजवळ शेती करायला तिने परवानगी दिलेली नाही. पण तिने ते कोंब उपटले नाहीत, आणि आता मी चूळ भरायला थोडा बाजूला उभा राहतो.

परवा पुण्याहून पुन्हा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल मीच धरला होता.

"पप्पा, उठून उभे राहा," अक्षता म्हणाली.

अण्णासाहेब उभे राहिले. पँटला पट्टा होता, आणि तो शेवटून दुसऱ्या भोकात लागला होता.

"सुतळी कुठंय?" मागून वहिनींनी विचारले.

अण्णासाहेबांनी फळीकडे बोट केले. तिथे कुसकुसाच्या नव्या पिशवीचे तोंड सुतळीने बांधलेले होते. बाजूला भुजंगचे पाकीटही होते, आणि दोन्हींवर उषाबाईने स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, काय आहे ते लिहिले होते.